प्रणयकथेचे भांडवल

कादंबरीच्या सर्व प्रकारांत प्रणयकथेइतका वाचला जाणारा आणि तिच्याइतका कमी विचारात घेतला जाणारा दुसरा प्रकार क्वचितच असेल. घरातील कर्ती माणसे ती वाचतात, परंतु पाहुण्यांसमोर मेजावर ठेवीत नाहीत. विद्वान लोक तिची गणना करमणुकीत करतात आणि करमणुकीस विचार कशाला हवा, असे म्हणून मोकळे होतात. याचा परिणाम असा झाला आहे की, इतर कादंबऱ्यांविषयी बोलताना आपण रचना, स्वभावलेखन, जीवनदर्शन इत्यादी कसोट्या लावतो. प्रणयकथेविषयी मात्र बहुधा एकच प्रश्न विचारतो. तो असा की, लेखकाने हे सारे आणले कोठून? या प्रश्नाची उत्तरेही दोनच ठरलेली असतात. पुस्तके चाळून आणले, नाही तर स्वतःच्या आयुष्यातून आणले. पहिले उत्तर मिळाले तर लेखकास आपण कष्टाळू म्हणतो. दुसरे मिळाले तर एकमेकांकडे पाहून गालात हसतो.

हा प्रश्न अगदीच निरर्थक आहे असे आमचे म्हणणे नाही. प्रणयकथेसही भांडवल लागतेच. केवळ चांदणे, मोगरा आणि दोन सुंदर माणसे एवढ्यावर तीनशे पृष्ठे निभत नाहीत, हे ज्यांनी तसा प्रयत्न करून पाहिला त्यांस ठाऊक आहे. परंतु भांडवल कोठून आले एवढ्यावरून पेढी कशी चालली हे समजत नाही. वारशाने मिळालेला पैसा बुडतो आणि कर्जाऊ काढलेला फळास येतो. आमच्या मते विचारावयाचा प्रश्न निराळा आहे. अभ्यासातून असो वा अनुभवातून असो, आणलेल्या गोष्टीने कथेत कोणते काम केले?

प्रणयकथेचा सांगाडा सर्वांस माहीत आहे. दोन माणसांस एकत्र यावयाचे असते आणि काही तरी आड येते. हे आड येणारे लटके असेल, एखादे हरवलेले पत्र वा एका वाक्याने मिटला असता असा गैरसमज, तर वाचकाचे मन कथेत गुंतत नाही. फार तर त्याची उत्सुकता चाळवते. ते खरे असेल, म्हणजे त्या दोघांनी कितीही इच्छा केली तरी बाजूस सारता येणार नाही असे असेल, तर साधी गोष्टही जिवाला लागते. तेव्हा लेखकाच्या ज्ञानाची आणि अनुभवाची किंमत या आड येणाऱ्या गोष्टीपाशी ठरते. तेथे ते उपयोगी पडले तर ते भांडवल. नाही तर ते अडगळीचे सामान. ही कसोटी काही प्रसिद्ध पुस्तकांस लावून पाहावी असे आम्ही योजिले आहे.

प्रथम अभ्यासाचे उदाहरण घेऊ. जॉर्जेट हेयर (१९०२–१९७४) ही इंग्रज लेखिका इंग्लंडातील रीजन्सी काळावरील, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या वीस वर्षांवरील, प्रणयकथांची जननीच मानली जाते. तिची तयारी पाहून एखाद्या संशोधकानेही मान खाली घालावी. पोशाख, टोप्या, रंग, घरसामान, दुकाने, वस्तूंचे भाव अशा सदरांखाली तिने टिपणे आणि चित्रे यांचा संग्रह केला होता. मृत्युसमयी तिच्यापाशी इतिहासविषयक हजाराहून अधिक ग्रंथ होते. त्यांत तपकिरीच्या डब्यांचा इतिहासही होता. त्या काळची बोली, गाड्यांचे प्रकार, घोडे बदलण्याचे टप्पे, यांची तिला घरच्यासारखी माहिती होती. ही माहिती किती तिच्या मालकीची झाली होती, याचा एक प्रसंग नमूद करण्यासारखा आहे. १९५० साली एका वाचकाने तिला कळविले की, दुसऱ्या एका लेखिकेच्या कादंबऱ्यांत तुमची पात्रे, नावे व प्रसंग उतरले आहेत. हेयरने ती पुस्तके तपासली, तेव्हा त्यांत तिला असा एक वाक्प्रचार आढळला, जो तिने स्वतः खाजगी रीतीने छापलेल्या आणि बाजारात न मिळणाऱ्या एका आठवणींच्या पुस्तकातून उचललेला होता. कल्पना दोघांस एकाच वेळी सुचू शकते. असा शब्द सुचू शकत नाही.

एवढा अभ्यास असूनही हेयरची सर्व पुस्तके सारख्या तोलाची नाहीत, आणि आमच्या मुद्द्याच्या दृष्टीने हीच गोष्ट महत्त्वाची आहे. १९३७ साली प्रसिद्ध झालेली तिची 'ॲन इन्फेमस आर्मी' ही कादंबरी वॉटर्लूच्या लढाईवर आहे. त्या लढाईचे तिने केलेले वर्णन इतके बिनचूक मानले गेले की, सँडहर्स्टच्या लष्करी विद्यालयात ते उपयोगात आणीत असे सांगतात. सेनापती वेलिंग्टन याच्या तोंडी घातलेली वाक्ये त्याने खरोखर उच्चारलेली वा लिहिलेली आहेत, असेही तिच्याविषयी म्हटले जाते. एक वाचक म्हणून आमचा अनुभव मात्र असा की, तोफा सुरू झाल्या म्हणजे चार्ल्स ऑड्ली आणि बार्बरा चाइल्ड यांच्या प्रेमाचा आपणांस जवळजवळ विसर पडतो. कोणती पलटण कोठे उभी होती हे आपण शिकतो. युद्ध त्या दोघांच्या आड येते खरे, पण ते कोणाच्याही आड आले असते. तेथे अभ्यास कथेच्या शेजारी उभा राहिला. कथेत शिरला नाही.

याउलट १९६१ सालची 'अ सिव्हिल काँट्रॅक्ट' पाहावी. तिच्यात वॉटर्लू आहेच, परंतु केवळ लंडनमध्ये येणाऱ्या बातम्यांच्या रूपाने. ॲडम डेव्हरिल हा तरुण सरदार बापाच्या मृत्यूमुळे लढाईवरून घरी परततो, तो वारशात त्यास कर्ज आणि गहाण पडलेली जमीन मिळते. त्याचे मन ज्यूलिया नावाच्या रूपवती मुलीवर आहे. परंतु घराणे वाचविण्यासाठी तो एका धनाढ्य व्यापाऱ्याच्या मुलीशी, साध्या चेहऱ्याच्या जेनीशी, विवाह करतो. गहाणखत म्हणजे काय, जमीनदाराचे कर्ज कसे वाढते, शेतीची सुधारणा कशी करतात, सरकारी रोख्यांचा भाव कशाने पडतो, या रूक्ष गोष्टी येथे पदोपदी येतात आणि एकही फुकट जात नाही. नेपोलियन जिंकला अशी आवई उठून बाजार कोसळू लागतो, तेव्हा बाजार कोळून प्यालेला सासरा जावयास रोखे विकण्याचा सल्ला देतो. जावई वेलिंग्टनच्या हाताखाली लढलेला आहे. तो त्या सेनापतीस ओळखतो, म्हणून तो विकण्याऐवजी खरेदी करतो. या एका व्यवहारात त्याची सासऱ्यापुढील मिंधेपणातून सुटका होते, आणि स्वतःच्या पायांवर उभा राहिल्यावरच त्यास आपल्या पत्नीची खरी किंमत दिसू लागते. येथे रोख्यांच्या भावाचा अभ्यास प्रेमाच्याच कामी आला आहे.

आपल्याकडील ऐतिहासिक प्रणयकथेसही हाच न्याय लागू पडतो. बाजीराव आणि मस्तानी यांच्याविषयी मराठी वाचकास किती जिव्हाळा आहे हे सांगणे नलगे, ना. सं. इनामदार यांची 'राऊ' (१९७२) अद्याप घरोघर वाचली जाते. या विषयावर लिहू इच्छिणाऱ्याची अडचण अशी की, कागद बोलतात ते भलत्याच ठिकाणी. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले; मोहिमा, कर्जे, तह यांची त्यांत रेलचेल आहे. परंतु ती दोघे एकमेकांशी काय बोलत, हे कोणत्याही कारकुनाने लिहून ठेवले नाही व ठेवणारही नव्हता. तेव्हा संशोधन येथे निरुपयोगी ठरते काय? आम्हांस तसे वाटत नाही. १७४० च्या प्रारंभी पुण्यास पेशव्यांच्या घरी रघुनाथरावांची मुंज आणि सदाशिवरावांचे लग्न ही दोन मंगलकार्ये झाली. त्या वेळी घरचा कर्ता पुरुष मोहिमेवर होता आणि मस्तानी घरच्याच लोकांच्या पहाऱ्यात होती. त्याच वर्षीच्या २८ एप्रिलला नर्मदाकाठी रावेरखेडी येथे बाजीरावांचे देहावसान झाले, आणि मस्तानीचाही शेवट त्याच वर्षी झाला. दोघांचे संभाषण कागदांत नसले तरी त्यांच्या आड काय आले ते कागदांत स्पष्ट आहे. हत्ती, घोडे, अंबाऱ्या आणि शालू यांची वर्णने कोणीही करील. एका बाजूस सनईचौघडा आणि दुसऱ्या बाजूस पहारा, हे दृश्य ज्याने कागदांतून वेचले त्याचा अभ्यास सार्थकी लागला असे आम्ही म्हणू.

आता अनुभवाकडे वळू. शार्लट ब्राँटे हिच्या उदाहरणाहून अधिक बोलके उदाहरण आम्हांस ठाऊक नाही. १८४२ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, ती आपल्या एमिली या बहिणीसह ब्रुसेल्स येथील एका मुलींच्या शाळेत फ्रेंच शिकण्यासाठी गेली. शाळा मादाम एझे यांची. त्यांचे पती कॉन्स्टँटिन एझे हे साहित्य शिकवीत. ते तापट, बुद्धिमान आणि शिकवण्यात रंगून जाणारे होते. शार्लटचे मन त्यांच्यावर जडले. १८४४ च्या प्रारंभी ती मायदेशी परतली आणि त्यानंतर तिने त्यांस पत्रे लिहिली. उत्तराची वाट पाहून थकलेल्या माणसाची ती पत्रे आहेत. त्यांतील चार शिल्लक राहिली. त्यांपैकी काही फाडून टाकली गेली होती आणि मागाहून कोणी तरी तुकडे जुळवून ठेवली. १९१३ साली एझे यांच्या मुलांनी ती ब्रिटिश म्युझियमला दिली, तेव्हा जगास ही हकीकत कळली.

या अनुभवावर शार्लटने दोन कादंबऱ्या रचल्या. पहिली 'दि प्रोफेसर' ब्रुसेल्सहून परतल्यावर दोन-अडीच वर्षांत लिहून झाली. प्रकाशकांनी ती वारंवार नाकारली आणि लेखिकेच्या मृत्यूनंतर १८५७ साली ती बाहेर आली. दुसरी 'व्हिलेट' १८५३ साली प्रसिद्ध झाली. दोहोंचे स्थळ तेच, शाळा तीच, शिक्षक आणि विद्यार्थिनी यांचे नाते तेच. असे असता पहिली कादंबरी आज अभ्यासकांखेरीज फारसे कोणी वाचीत नाही आणि दुसरीची गणना इंग्रजीतील श्रेष्ठ कादंबऱ्यांत होते. अनुभव हेच साहित्याचे मूल्य असते तर हे घडले नसते. उलट, पहिल्या पुस्तकाच्या वेळी अनुभव ताजा होता; तेव्हा तेच सरस उतरावयास हवे होते.

भेद कोठे आहे? 'दि प्रोफेसर'मध्ये शार्लटने आपले दुःख एका पुरुषाच्या मुखाने सांगितले, शिक्षकास अविवाहित केले आणि अखेर दोघांचे लग्न लावून दिले. प्रत्यक्षात जे आड आले होते ते सारे तिने कथेतून काढून टाकले. मनातली इच्छा कागदावर पुरी करून घेणे, हा दुखावलेल्या माणसाचा पहिला उपाय असतो. तो मनुष्यस्वभावास धरून आहे, परंतु त्याने कथा उभी राहत नाही. 'व्हिलेट'मध्ये तिने ते काढलेले अडथळे परत आणले. पाळत ठेवणारी मालकीण आली, भिन्न धर्मपंथ आला, परक्या देशातील एकटेपणा आला. शेवटी तर समुद्रावर वादळ उठते आणि नायक परतला की नाही हे लेखिका उघड सांगत नाही. शेवट गोड करावा अशी तिच्या वृद्ध वडिलांची इच्छा होती. तिने मजकूर थोडा अस्पष्ट केला, पण शेवट पालटला नाही.

एक लहानसा तपशील पाहिला म्हणजे आमचे म्हणणे अधिक स्पष्ट होईल. १८४३ च्या उन्हाळी सुट्टीत शाळा ओस पडली असता, शार्लट एकटेपणाने इतकी गांजली की, प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकाची मुलगी असूनही ती कॅथॉलिक देवळात शिरली आणि धर्मगुरूपुढे तिने मन मोकळे केले. बहिणीस लिहिलेल्या पत्रात ही गोष्ट एक विलक्षण गंमत म्हणून येते, आणि वडिलांस सांगू नकोस अशी सूचनाही येते. 'व्हिलेट'मध्ये लूसी स्नो हेच करते. परंतु तेथे गोष्ट एवढ्यावर संपत नाही. देवळातून बाहेर पडल्यावर ती रस्त्यात मूर्च्छित पडते आणि जुन्या ओळखीच्या माणसांच्या घरी शुद्धीवर येते. शिवाय तो धर्मगुरू नायकाचा जुना गुरू निघतो आणि पुढे या दोघांच्या मार्गात उभा राहतो. आयुष्यात जो प्रसंग सुटा होता, तो कथेत इतर दहा गोष्टींस बांधला गेला. अनुभवाचे कलेत रूपांतर होणे म्हणतात ते हे. घडले तसे लिहिणे म्हणजे केवळ नोंद ठेवणे होय.

तथापि केवळ अनुभवावर शार्लट मोठी झाली असे म्हणता येत नाही. तिची 'जेन एअर' (१८४७) घ्या. लोवुडच्या शाळेतील थंडी, अर्धपोट जेवण आणि मुलींचे आजार हे तिने लहानपणी प्रत्यक्ष भोगले होते. तशाच शाळेतून आजारी होऊन घरी आलेल्या तिच्या दोन थोरल्या बहिणी १८२५ साली वारल्या. पण रॉचेस्टर आणि त्याची माडीवर कोंडलेली वेडी पत्नी ही तिच्या आयुष्यातली नव्हेत. या प्रेमकथेच्या आड जे येते तो त्या काळचा कायदा आहे. पूर्ण घटस्फोट हवा तर त्या वेळी पार्लमेंटकडून स्वतंत्र कायदा करून घ्यावा लागे. न्यायालयात घटस्फोट मिळण्याची सोय १८५७ साली झाली आणि जोडीदाराचे असाध्य वेड हे त्याचे कारण मानले जाण्यास १९३७ साल उजाडावे लागले. म्हणूनच जेन घर सोडून जाते तेव्हा तिच्यापुढे खरोखरच तिसरा मार्ग नसतो. हा कायदा आज माहीत नसलेल्या तरुण वाचकांस जेनचा निर्णय हट्टाचा वाटतो, असे आम्ही वर्गात अनेकदा पाहिले आहे. कायदा समजावून सांगितला की वर्गातील हालचाल थांबते.

आणि या पुस्तकाविषयी त्या काळच्या वाचकांनी कोणता प्रश्न विचारला? तोच, आणले कोठून? लेखिकेने 'करर बेल' हे टोपणनाव घेतले होते आणि दुसरी आवृत्ती थॅकरे या थोर कादंबरीकारास अर्पण केली होती. दुर्दैवाने थॅकरेची पत्नी खरोखरच मनोविकाराने ग्रस्त होती. शार्लटला हे ठाऊक नव्हते. लंडनमध्ये लगेच बोलवा उठली की, ही कादंबरी थॅकरेच्या घरच्या शिक्षिकेने लिहिली आहे. एका प्रतिष्ठित त्रैमासिकाने तर १८४८ साली असे सुचविले की, हे पुस्तक स्त्रीने लिहिले असेल तर ती सभ्य स्त्रियांच्या सहवासास मुकलेली असली पाहिजे. कल्पनाशक्ती नावाची वस्तू स्त्रीपाशी असू शकते, हे कोणाच्या ध्यानीच आले नाही.

हे परक्यांचे आहे म्हणून आपण हसावयाचे कारण नाही. पंचाऐंशी वर्षांनी, १९३३ साली, 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह विभावरी शिरूरकर या नावाने प्रसिद्ध झाला आणि महाराष्ट्रात हेच घडले. शिकलेल्या, मिळवत्या, पण लग्न न झालेल्या मुलींच्या मनातली गोष्ट त्यांत प्रथमच उघड बोलली गेली होती. 'बाबांचा संसार माझा कसा होणार?' या कथेच्या नावातच त्या मुलींची कोंडी सामावली आहे. मुलीचा पगार घरास हवा असतो, म्हणून तिच्या लग्नाची घाई कोणास नसते. या पुस्तकावर वादळ उठले. परंतु या मुली खऱ्या आहेत काय, त्यांचे म्हणणे रास्त आहे काय, यापेक्षा अधिक शोध चालला तो ही बाई कोण याचा. त्याच दशकात ना. सी. फडके यांच्या प्रणयकादंबऱ्या हजारो घरांत वाचल्या जात होत्या. त्यांच्यावरील वाङ्मयीन वाद मुख्यतः तंत्राचा आणि कला कशासाठी याचा झाला. पुरुषाने प्रेम रंगविले तर त्याची कला तपासावयाची आणि स्त्रीने रंगविले तर तिचे चारित्र्य, असा हा न्याय होता.

विभावरी शिरूरकर म्हणजे मालतीबाई बेडेकर, हे पुढे सर्वांस कळले. त्या महर्षी कर्वे यांच्या संस्थेत शिकल्या आणि तेथेच त्यांनी शिक्षिकेचे काम केले. अशा ठिकाणी किती मुलींची दुःखे कानावर पडत असतील याची कल्पना करावी. शिवाय कथासंग्रहापूर्वी त्यांनी हिंदू व्यवहारधर्मशास्त्रावरील ग्रंथाच्या लेखनात भाग घेतला होता. म्हणजे ज्या पुस्तकास लोकांनी एका बाईची गुप्त कैफियत समजून वाचले, त्याच्या पाठीमागे अनेकींचे ऐकलेले आणि शास्त्राचे वाचलेले असे दुहेरी भांडवल होते. १९३४ सालच्या 'हिंदोळ्यावर' या कादंबरीत पतीपासून दुरावलेल्या अचलेचे दुसऱ्या पुरुषावर प्रेम बसते. मुंबई प्रांतात हिंदू स्त्रीस घटस्फोटाची वाट १९४७ च्या कायद्याने आणि देशभर १९५५ च्या कायद्याने मोकळी झाली. अचलेची कथा त्यापूर्वीची आहे. जेन एअर हिच्या वाटेत जे उभे होते तेच, निराळ्या वेषात, अचलेच्याही वाटेत उभे होते. जेन निघून गेली; अचला गेली नाही. दोघींपैकी कोणाचा निर्णय योग्य, यावर वाचकांनी खुशाल वाद घालावा. तो वाद कथेविषयीचा असेल आणि म्हणून उपयोगाचा असेल.

अनुभव या शब्दाचा आपण फार संकुचित अर्थ करतो, असे आम्हांस यावरून वाटते. शेजारणीचे ऐकलेले, विद्यार्थिनीच्या डोळ्यांत पाहिलेले, जुन्या कागदात वाचून रात्रभर मनात घोळलेले, हाही लेखकाचा अनुभवच. हेयरने ज्या शतकात जन्म घेतला नाही त्याचे भाव तिला तोंडपाठ होते, आणि शार्लटने जो संसार केला नव्हता त्याची वेदना तिला कळली होती. उलट, स्वतःवर प्रत्यक्ष गुदरलेली गोष्टही लेखकास कळलेली असतेच असे नाही. 'दि प्रोफेसर' हा त्याचा पुरावा आहे.

आजही आमच्याकडे विद्यार्थिनी आपल्या लेखनाची वही घेऊन येतात. कथा बहुधा प्रेमाची असते. पुष्कळदा ती चांगलीही असते, आणि प्रसिद्धीस द्या म्हटले की उत्तर एकच येते: घरी काय वाटेल? ज्या घरांत हे मासिक वाचले जाते तीच ही सुशिक्षित घरे होत. आपल्या घरातील मुलीने प्रेमकथा लिहिली तर ती कोणाविषयी आहे हा प्रश्न आपल्या ओठांवर येईल, हे आम्ही जाणतो. तो गिळावा आणि त्याऐवजी एवढेच विचारावे की, या दोघांच्या आड काय आले आणि ते त्यांना टाळता आले असते काय. मुलगी बसून उत्तर देऊ लागेल, आणि बहुधा पुढचे प्रकरणही लिहील.